धनवान नगराचे ऋण

जगातील सर्वांत धनवान नगर कोणते, हा प्रश्न अलीकडे वर्तमानपत्रांतून वरचेवर येतो. दरवर्षी याद्या निघतात. एका तऱ्हेच्या यादीत नगराचे वर्षाचे एकंदर उत्पन्न मोजतात. तेथे टोकियो व न्यूयॉर्क ही अग्रभागी असतात. दुसऱ्या तऱ्हेत दहा लक्ष डॉलरांहून अधिक मत्ता असणारी माणसे नगरात किती राहतात त्यांची शिरगणती होते. तिच्यात २०२५ साली न्यूयॉर्क पहिले होते. आपल्या मुंबईचेही नाव अशा याद्यांत येते आणि मंडळींना अभिमान वाटतो. वाटू द्या, आमची हरकत नाही. पण कीर्तनकाराला शब्दाचा अर्थ विचारण्याची खोड असते. म्हणून आम्ही विचारतो, नगर धनवान आहे म्हणजे नेमके काय आहे?

साध्या वाण्याची वही घ्या. तिला दोन बाजू असतात, जमा आणि नावे. येणे किती हे जसे लिहितात, तसेच देणे किती हेही लिहितात. नुसते येणे दाखवून कोणी स्वतःला श्रीमंत म्हणवू लागला, तर बाजारात त्याला हसतील. या जगाच्या याद्यांत मात्र एकच बाजू छापलेली असते. दुसरी बाजू वाचून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधी एक शंका दूर केली पाहिजे. कोणी म्हणेल, महाराज, तुम्ही टाळ-मृदंगाची माणसे; तुम्हांला धनाच्या उठाठेवी कशाला? तर तसे नाही. अर्थ हा चार पुरुषार्थांपैकी एक आहे. शास्त्राने त्याला हाकलून दिलेले नाही. आमचे तुकोबाराय वाणी होते, महाजन होते, दुकान चालवीत होते. धन मिळवू नका असे त्यांनी सांगितले नाही. ते चोख व्यवहाराने मिळवा आणि त्यात गुंतून न पडता खर्चा, असे सांगितले. नगरेही अनेकांना पोसतात. गिरण्यांच्या मुंबईने कोकणच्या आणि घाटावरच्या लाखो माणसांना काम दिले. चाळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत राहून त्यांनी गावी मनिऑर्डरी धाडल्या, रात्री भजनी मंडळे चालविली आणि आषाढीला रजा टाकून वारी गाठली. अशा नगराला पापाचे घर म्हणणे कृतघ्नपणाचे होईल.

पण नगर संपत्ती निर्माण करते ती कशाच्या बळावर? पेढ्या, शेअरबाजार, बंदर, कारखाने, हुशार माणसांची दाटी, हे सगळे खरेच. तरी घोटभर पाणी आणि घासभर अन्न बाहेरूनच आणावे लागते. सिंगापूर हे आज मोठे धनाढ्य नगर आहे. त्याच्या पाण्याचा मोठा वाटा समुद्राच्या चिंचोळ्या पट्टीपलीकडून, मलेशियाच्या जोहोर प्रांतातून येतो. त्याचा करार १९६२ साली झाला असून तो २०६१ पर्यंतचा आहे. न्यूयॉर्कचे पाणी दूरच्या कॅट्सकिल डोंगरातून येते. गेल्या शतकाच्या आरंभी तेथे अशोकान नावाचा जलाशय बांधला, तेव्हा त्या खोऱ्यातली गावे उठविली, कबरीसुद्धा उकरून हलविल्या.

हे परमुलखाचे झाले. आता आपल्या पुण्याच्या उशाशी या.

पुण्याच्या पश्चिमेला मुळशीचे खोरे आहे. आंबेमोहोर तांदळाचा हा मुलूख. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधावे, पाणी सह्याद्रीवरून खाली कोकणात भिऱ्याला सोडावे आणि त्यावर वीज करून ती मुंबईला न्यावी, अशी योजना टाटा कंपनीने आखली. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन सरकारने जमिनी घेण्याचे काम चालविले. पन्नासएक गावांवर पाणी येणार होते. १९२१ साली रामनवमीच्या दिवशी मावळे शेतकरी धरणाच्या कामावर जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट या लढ्याचे पुढारी. त्यांना सेनापती हे नाव पडले ते येथेच. लढा १९२४ पर्यंत चालला. बापटांना तुरुंगवास झाला, धरण पुरे झाले, आणि १९२७ साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले.

वारकऱ्याने येथे नदीचा विचार करावा. मुळा पुण्यात मुठेला मिळते, मुळामुठा पुढे भीमेला मिळते आणि तीच भीमा पंढरीत चंद्रभागा होते. धरणात अडविलेले पाणी विजेसाठी घाटाखाली उतरले, की ते कुंडलिका नदीने समुद्राला जाते. पंढरीची वाट असलेले पाणी मुंबईचे दिवे लावायला वळले. दिव्यांना आम्ही नावे ठेवीत नाही. पाणी कुठले, एवढे तरी आठवावे.

आणि एक गोष्ट पुण्याने विशेष आठवावी. मुळशीचा कसणारा शेतकरी कर्जात होता आणि पुष्कळशी जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती. भरपाईची बोलणी निघाली, तेव्हा या सावकारांचा कल पैसे घेऊन मोकळे होण्याकडे झाला. ज्याच्या घरादारावर पाणी यायचे तो ‘जान किंवा जमीन’ म्हणत राहिला. एकाच जमिनीला दोन धनी होते, एक कागदाचा आणि एक नांगराचा. यादी करणारा नेहमी कागदाच्या धन्यालाच मोजतो.

आता खरा प्रश्न येतो. पुष्कळांच्या हितासाठी थोड्यांचे नुकसान झाले तर त्यात अधर्म कोणता? हा युक्तिवाद पोकळ नाही. त्या विजेने गिरण्या चालल्या, आगगाड्या चालल्या, पोटे भरली. आमच्या शास्त्रांतही थोरल्या हितासाठी धाकटे हित सोडावे, प्रसंगी मुलखासाठी गावही सोडावे, अशा अर्थाचे वचन आहे आणि मोठमोठी माणसे ते आधाराला काढतात. पण ते वचन कोणी कोणाला सांगितले, हे कोणी पाहत नाही. महाभारताच्या सभापर्वात विदुराने ते धृतराष्ट्राला सांगितले आहे. द्यूत चालले होते आणि विदुर म्हणत होता, राजा, या दुर्योधनाला सोड. म्हणजे ज्याने सोडायचे त्याला, त्याचाच पोटचा मुलगा सोडायला सांगितले. शेजाऱ्याचा मुलगा सोड असे नव्हे! आपले सोडणे याला त्याग म्हणतात. दुसऱ्याचे सोडून देणे याला त्याग हे नाव कोणत्याही कोशात सापडायचे नाही. मुळशीच्या मावळ्याने आपण होऊन गाव सोडले असते, तर त्याच्या पायांवर डोके ठेवावे. त्याच्याकडून सोडवून घेतले आणि वर त्याला त्यागाचे माहात्म्य सांगितले, तर ते विदुराचे वचन नव्हे. ते धृतराष्ट्राच्या सोयीचे झाले.

हाच विवेक तुकोबारायांच्या चरित्रात स्पष्ट दिसतो. दुष्काळानंतर बुवांना उपरती झाली आणि लोकांची कर्जखते इंद्रायणीत बुडवायची त्यांनी ठरविले. तेव्हा धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला, मला संसार करायचा आहे. बुवांनी काय केले? खतांचे दोन वाटे केले. कान्होबाचा वाटा कान्होबाच्या हाती दिला आणि आपला तेवढा डोहात सोडला. भावाचेही खत परस्पर बुडवायला ते धजले नाहीत! भक्तीच्या ऐन भरातही आपले कोणते आणि दुसऱ्याचे कोणते, हा हिशेब बुवांनी चुकू दिला नाही. तो हिशेब मोठमोठ्या नगरांना अजून जमत नाही.

मग करायचे काय? धरणे फोडायची काय? तसे आम्ही म्हणत नाही. बुडालेले गाव वर येत नाही. पण ऋण मानणे आणि ते फेडणे हातात असते. माणूस जन्मतो तोच ऋण घेऊन, असे वेद सांगतो. देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे सर्वांना पाठ आहेत. शतपथ ब्राह्मणात चौथे मनुष्यऋणही सांगितले आहे आणि ते आसरा देऊन व अन्न देऊन फिटते असे म्हटले आहे. पुणे हे ऋण दरसाल दोन रात्री फेडते. माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाला, तुकोबारायांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला उतरते. घरोघर पंगती उठतात, कोणी पाय चेपतो, कोणी तुटलेली वहाण शिवून देतो. हे दृश्य धन्य आहे. पण ज्या गावांच्या पाण्यावर आणि घामावर नगर वर्षभर जगते, त्यांचे देणे दोन रात्रींत फिटते काय? वारकरी पाहुणा म्हणून दारी येतो, तेव्हा तो माउली असतो. तोच दिंडीतला माणूस जमिनीच्या कागदाची चौकशी करायला कचेरीत येतो, तेव्हा त्याला बाकावर बसवून ठेवतात. ऋण फेडायचे ते तेथे.

फेडता येते, हेही पाहा. न्यूयॉर्कने १९९७ साली डोंगरातल्या गावांशी करार केला. तेथील पाणी स्वच्छ राहावे म्हणून शेतकऱ्यांचे गोठे, मलपाण्याची सोय, जमिनीची निगा यांसाठी नगर पैसा देऊ लागले. ते त्यांनी पुण्याईसाठी केले असे नाही. पाणी गाळण्याचा प्रचंड कारखाना बांधण्यापेक्षा हे स्वस्त पडत होते. असो. निदान वहीची नावेची बाजू त्यांनी उघडली. नगर स्वार्थासाठी जे करू शकते, ते धर्मासाठी का करू शकत नाही?

वाचकहो, ही गोष्ट सरकारावर ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही. हिंजवडीचे संगणकाचे मोठमोठे कारखाने आज मुळशी तालुक्यातच उभे आहेत आणि तुमच्यापैकी कित्येकांची मुले तेथे चांगला पगार मिळवितात. आम्हा कीर्तनकारांची बिदागीही नगराच्या धनातूनच येते. म्हणून मुलाला एवढे जरूर विचारा, की तुझी कचेरी ज्या शेतावर उभी आहे ते कोणाचे होते, आणि त्याचा नातू आज काय करतो? तो कदाचित त्याच फाटकावर पहारेकरी असेल. त्याला नावाने ओळखणे, त्याच्या मुलाच्या शिक्षणाला हात लावणे, पुढची योजना निघेल तेव्हा ज्याची जमीन जाणार त्याचे म्हणणे आधी ऐका असे चारचौघांत बोलणे, एवढे तर आपल्याला जमेल. माळ घातलेल्या माणसाने एवढेही केले नाही, तर चोख व्यवहार हा शब्द त्याने कीर्तनात ऐकू नये.

रामकृष्णहरी.