चाळीस पावलांवरचं टेबल

2018 च्या उन्हाळ्यात एका मोठ्या दवाखान्याच्या व्हरांड्यात मी दोन दिवस जत तालुक्यातल्या एका मावशींच्या शेजारी बसून होतो. माझा भाऊ आत होता, त्यांचे मालक आत होते. त्यांच्याजवळ दुधाची रिकामी पिशवी होती. तिच्यात घडी घातलेलं केशरी रेशनकार्ड, आधारची झेरॉक्स आणि औषधांच्या चिठ्ठ्या. कानातली फुलं गहाण पडली होती आणि म्हशीचं गिऱ्हाईक फोनवर ठरत होतं. त्यांचा तो आठवा दिवस. चहाचे कप गोळा करायला आलेल्या पोरानं पिशवीतलं कार्ड पाहिलं आणि विचारलं, "मावशी, आरोग्यमित्राकडं गेला न्हाई का?"

केशरी कार्डावर मोफत उपचार देणाऱ्या सरकारी योजनेच्या आरोग्यमित्राचं ते टेबल आम्ही बसलो होतो तिथून चाळीस पावलांवर होतं. पाण्याची बाटली भरायला मावशी रोज त्याच्यासमोरून जात होत्या. "मला वाटलं, इमा इकणारा बसलाय," त्या म्हणाल्या.

मला ती योजना ठाऊक होती. दोन दिवस शेजारी बसून मी त्यांना कार्डाचा रंग विचारला नव्हता. हे माझ्या मनातून अजून जात नाही.

पुढचं ऑपरेशन योजनेत बसलं. म्हैस वाचली. फुलं सुटली नाहीत, कारण आधी भरलेले पैसे परत मिळत नाहीत.

2012 साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी या नावानं सुरू झालेली ही योजना पुढच्या वर्षी राज्यभर गेली आणि 2017 पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. तिच्याशिवाय धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. अंत्योदय कार्डावर महिन्याला 35 किलो धान्य आहे. घरकुलाला स्वतःच्या नावावर जागा लागते, आणि जागा नसेल तर ती विकत घ्यायलाही अनुदान आहे. म्हणजे सातारा-सांगलीतल्या अडलेल्या माणसाच्या वाट्याला काहीच नाही, असं नाही. पण ते सापडेपर्यंत त्याच्या अंगावरचं किडुकमिडुक निघून जातं. एक टेबल दवाखान्यात, एक तलाठ्याकडे, एक तहसीलात, एक पंचायत समितीत. रोजगार बुडवून, एसटीचं भाडं घालून ही सगळी टेबलं हुडकायची कुणी? ज्याच्या अंगात सगळ्यात कमी त्राण उरलंय त्यानंच.

याचं उत्तर आपल्याच मातीत एकदा दिलं गेलं होतं. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांच्या रोजगार हमीच्या कल्पनेचा पहिला प्रयोग साठच्या दशकात तासगाव तालुक्यातल्या काही गावांत झाला आणि 1972 च्या दुष्काळात तीच कल्पना राज्याच्या कामी आली. मिलो ज्वारीचे आणि वाटपातल्या सुकडीचे ते दिवस आठवणारी माणसं माण-खटावात अजून आहेत. 1977 मध्ये कायदा झाला. मागेल त्याला काम, नाहीतर बेकारी भत्ता. तू गरीब आहेस हे सिद्ध कर, असं त्यात कुणी कुणाला म्हणत नव्हतं. जो माणूस भर उन्हात खडी फोडायला येऊन बसतो त्याला उत्पन्नाचा दाखला कशाला मागायचा? त्यानं मागायचं, आणि काम हुडकायची धावपळ सरकारनं करायची. शोधण्याचं ओझं पाग्यांनी गरिबाच्या डोक्यावरून उतरवून सरकारच्या डोक्यावर ठेवलं. मला हा त्या योजनेचा सगळ्यात मोठा विचार वाटतो. 26 जानेवारी 2020 ला सुरू झालेल्या शिवभोजन थाळीत त्याचा थोडा अंश दिसतो. दहा रुपयांची थाळी घेताना फोटो काढत, पण दाखला मागत नसत.

आजारी माणूस मात्र रांगेत उभा राहू शकत नाही, आणि ज्याला योजनेचं नावच माहीत नाही तो मागणार तरी काय? तिथं मदतीनंच चालत जायला हवं. साताऱ्यात 1924 मध्ये बोर्डिंग काढलेले कर्मवीर भाऊराव पाटील पोरं यायची वाट बघत बसले नाहीत. गावोगाव फिरून, आई-बापांची समजूत काढून ते पोरं घेऊन यायचे. त्या पोरांच्या जेवणापायी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं.

मदत चालत आली तरी तिला वाट दाखवणारं माणूस लागतं. 2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली तेव्हा सगळ्या महाराष्ट्रातून गाड्या आल्या. देणाऱ्यांचं मन मोठं होतं. पण कुठल्या गावात काय हवंय हे सांगणारं माणूस सोबत नसलं, की गाडी डांबरी रस्त्यालगतच रिकामी व्हायची आणि आतल्या वाडीत औषध पोचायचं नाही.

असं माणूस प्रत्येक गावात आहे. कुणाच्या घरी चूल पेटली नाही, कुणाची साखरेची गोळी संपलीय, कुणाचं छप्पर पावसाळा काढणार नाही, हे आशाताईंना न विचारता माहीत असतं. अंगणवाडीच्या बाईंना असतं, रेशन दुकानदाराला असतं. त्यांच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर टाकू नये. पण त्यांनी नाव कळवलं की पुढचे कागद कार्यालयानं कार्यालयाकडून मिळवावेत. उत्पन्नाचा दाखला तहसीलच देतं आणि रेशनकार्डही तहसीलच देतं, मग दोन्ही कागद हातात धरून म्हाताऱ्यानं का फिरायचं? आशाताईंना त्या कामाचा मोबदला वेळेवर मिळावा, हेही आलंच.

मध्यंतरी मावशींचा फोन आला. गल्लीतल्या एकाच्या किडनीचं दुखणं निघालं होतं. "त्येचं कार्ड पांढरं हाय वो. बसंल का योजनंत?"

मी म्हटलं, 2024 पासून पांढऱ्या कार्डालाही योजना लागू झालीय, आणि रक्कमही दीड लाखावरून पाच लाख झालीय.

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्येनं शेत इकायला काढलंय. हे सांगाय कोण कसं आलं न्हाई?"