पूर्ण सोडायचंय, पण हळूहळू (गीता, अध्याय ६, श्लोक २५)



काल आपण २४ वा श्लोक पाहिला. तिथे भगवंत सांगतात की सगळ्या कामना सोड, काहीही शिल्लक ठेवू नकोस. आज २५ वा, आणि इथे सूर एकदम बदलतो. धीर धरलेल्या बुद्धीने हळूहळू शांत हो, असं ते सांगतात. ‘हळूहळू’ला मूळ संस्कृतात जो शब्द आहे, तोही लागोपाठ दोनदा येतो.

मग प्रश्न पडतोच. पूर्णच सोडायचं असेल तर एका झटक्यात का नाही? हळू सोडणारा म्हणजे मनातून सोडायला तयार नसलेला, असं तर नाही ना?

झटक्यात सोडणाऱ्याचं आपल्याला फार कौतुक असतं. ‘त्याने पाकीट फेकलं ते फेकलंच’ ही गोष्ट आपण चारचौघांत रंगवून सांगतो. दोन वर्षं थोडं थोडं कमी करणाऱ्याची गोष्ट कुणी सांगत नाही. आज तीच बघू या. उदाहरण आहे मेथाडोनचं.

हेरॉइनसारख्या अफूवर्गीय नशेतून बाहेर येण्यासाठी हे औषध दिलं जातं. न्यूयॉर्कमध्ये डॉ. व्हिन्सेंट डोल आणि डॉ. मारी निस्वांडर यांनी १९६० च्या दशकात हा उपचार सुरू केला. मेथाडोन स्वतःही अफूवर्गीयच आहे, पण त्याचा असर सावकाश चढतो आणि सावकाश उतरतो. त्यामुळे दिवसातून एका डोसवर माणूस स्थिर राहतो, नोकरी करतो, मुलांना शाळेत सोडतो. २००५ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. भारतातही ते काही सरकारी केंद्रांवर मिळतं.

काही जण हे औषध कायम घेतात आणि चांगलं जगतात. त्यात कमीपणा काहीच नाही. पण ज्याला थांबायचंय, त्याने ते एकदम बंद केलं तर घाम, जुलाब, अंगदुखी, पायांची तळमळ आणि रात्र रात्र जागरण वाट्याला येतं. म्हणून डॉक्टर डोस उतरवत नेतात, साधारणपणे एका वेळी ५ ते १० टक्के, आणि मध्ये एक-दोन आठवडे किंवा त्याहून जास्त थांबून.

इथे थोडं गणित करू या, कारण खरी गंमत त्यात आहे. ८० मिलिग्रॅममधून ५ कमी केले तर जेमतेम ६ टक्के गेले. १० मधून तेच ५ कमी केले तर अर्धा डोस गेला! आकडा तोच, पण शरीराला बसणारा धक्का कितीतरी मोठा. म्हणून खाली येताना पावलं लहान करत जावी लागतात. दर दोन आठवड्यांनी १० टक्के कमी केले तर ८० वरून ५ च्या आसपास यायला वर्ष लागतं. ५ टक्क्यांनी गेलं तर दोन वर्षं. शिवाय एकदा डोस कमी केला की त्याचा पूर्ण परिणाम जाणवायला काही दिवस जातात. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून लगेच पुढची कपात करायची नसते.

आता श्लोकाकडे परत येऊ. मला असं वाटतं की २४ वा श्लोक कुठे पोचायचं ते सांगतो आणि २५ वा कोणत्या वेगाने जायचं ते. आपण या दोन गोष्टींची गल्लत करतो. ध्येय पूर्ण असलं की वेगही पूर्णच हवा असं धरून चालतो आणि हळू चालणाऱ्याच्या निष्ठेवर शंका घेतो. पण निश्चय मनाचा असतो आणि शरीराला त्याचा वेळ लागतो. आपला निश्चय पक्का आहे म्हणून शरीराने घाई करावी, ही अपेक्षा म्हणजे भक्ती नाही, हट्ट आहे.

आणि हा हट्ट महागात पडू शकतो. डोस उतरला की शरीराची सहनशक्तीही उतरते. अशा वेळी घाईने कोलमडून कुणी जुन्या नशेकडे वळला, तर पूर्वी पचणारं प्रमाणही आता जीव घेऊ शकतं.

पण ‘हळूहळू’ ही पळवाटही होऊ शकते की! ‘उद्यापासून’ म्हणणारा प्रत्येक जण हळूहळूच म्हणत असतो. फरक कसा ओळखायचा? उत्तर त्याच श्लोकात आहे: धृती. धीराने चालणाऱ्याचं पुढचं पाऊल ठरलेलं असतं आणि ते पाहणारं कुणीतरी सोबत असतं. इथे ते डॉक्टर. त्रास वाढला तर तो आहे त्या डोसवर महिनाभर थांबतो, गरज पडली तर एक पायरी वरही जातो. तरी दिशा विसरत नाही. पळवाट शोधणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं.

गणिताची आणखी एक गोष्ट. दर वेळी १० टक्केच कमी करत राहिलं तर शून्य कधीच येत नाही. शेवटी थोडंसं उरतंच, आणि ते एक दिवस सोडावंच लागतं. कालच्या श्लोकातलं ‘काहीही शिल्लक न ठेवता’ मला तिथे दिसतं. फक्त ते प्रवासाच्या शेवटी येतं, पहिल्या दिवशी नाही.

तुमच्या ओळखीत कुणी या वाटेवर असेल तर ‘अजून बंद नाही झालं?’ असं विचारू नका. ‘आज कसं वाटतंय?’ एवढंच विचारा. आणि तुम्ही स्वतः या वाटेवर असाल, तर डोस मनाने कमी-जास्त करू नका, डॉक्टरांशी बोला. तुमचा वेग तुमच्या श्रद्धेचं माप नाही.

उद्या २६ वा श्लोक: मन भटकलं तर काय करायचं? भेटू.

राम कृष्ण हरी!