शितावरून भात, शिवारावरून तालुका

अंशाच्या परीक्षेवरून संपूर्णाविषयी निर्णय देण्याचा अधिकार माणसाला कोठून मिळतो, हा भारतीय ज्ञानमीमांसेतील जुना प्रश्न असून, पतंजलीच्या महाभाष्यातही आढळणाऱ्या स्थालीपुलाकन्यायाने, म्हणजे एक शीत चाचपून भांड्यातला सारा भात शिजला असे मानण्याच्या रीतीने, त्याचे व्यवहारापुरते उत्तर दिलेले आहे. चार्वाकांनी या उत्तराच्या मुळावरच घाव घातला. पाहिलेल्या आणि न पाहिलेल्या वस्तूंना बांधणारा नियत संबंध, ज्याला नैयायिक व्याप्ती म्हणतात, तो स्वतः कोणालाच दिसत नाही, म्हणून अनुमान हा निव्वळ अंदाज होय, असे त्यांचे म्हणणे होते. तर नैयायिक उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत, शंका घेणाऱ्याचे स्वतःचे आचरणच जेथे त्या शंकेला खोटे पाडते तेथे ती संपते, असे प्रत्युत्तर दिले.

हॅरॉल्ड डॉज आणि हॅरी रोमिग यांनी 1929 मध्ये मांडलेली, कारखान्यातील मालाच्या नमुना-तपासणीची पद्धत या वादात, वरवर पाहता उदयनाचार्यांच्या बाजूची वाटली, तरी प्रत्यक्षात चार्वाकांचा आक्षेप मान्य करूनच पुढे जाते. प्रचलित तक्त्यांतील एका योजनेनुसार हजार नगांच्या लॉटमधून, म्हणजे एकत्र तपासणीस ठेवलेल्या मालाच्या गटातून, 80 नग यदृच्छेने उचलले जातात, आणि त्यांत दोनपर्यंत सदोष निघाले तर सारा लॉट स्वीकारला जातो, तीन किंवा अधिक निघाले तर नाकारला जातो. या नियमाने एक टक्का दोष असलेला चांगला लॉटही शंभरांत चार-पाच वेळा परत जातो, ही उत्पादकाची जोखीम. आणि पाच टक्के दोष असलेला लॉट साधारण दर चौथ्या वेळी खपून जातो, ही ग्राहकाची जोखीम. चूक होणार हे गृहीत धरून ती कोणाच्या पदरात किती पडावी एवढेच येथे आधी ठरवलेले असते, त्यामुळे ही पद्धत सत्याविषयीची कमी आणि न्यायाविषयीची अधिक आहे.

लॉट जेव्हा खिळ्यांचा नसून माणसांचा असतो, तेव्हा या न्यायाची खरी कसोटी लागते. बारामती तालुक्यातील सुपे हे गाव पर्जन्यछायेच्या जिरायत पट्ट्यात येते, तर त्याच तालुक्याच्या दक्षिणेस नीरा डाव्या कालव्यावर उसाचे बागायत क्षेत्र आहे. महाराष्ट्रात गावाच्या पिकाची स्थिती पैसेवारीने ठरते: निवडलेल्या शेतात खुंट्या ठोकून, दोरी लावून आखलेल्या तुकड्यातील पीक कापतात, मळतात आणि धान्याचे वजन करतात, व ते वजन प्रमाणित उत्पन्नाशी ताडून आलेला आकडा 50 पैशांच्या आत असेल तर पीकपरिस्थिती टंचाईची मानण्याची रीत आहे. लॉट, नमुना आणि स्वीकृतीची सीमा अशी तिन्ही अंगे येथे आहेत. फरक इतकाच की नमुन्यात न आलेल्या मुरमाड रानाच्या धन्याला आपले शेत नेमके कोणत्या जोखमीत मोडले हे कोणी सांगत नाही.

भाताच्या बाबतीत स्थालीपुलाकन्याय चालतो, कारण सर्व शितांना एकच आच लागलेली असते. तपासणीशास्त्रही लॉट एकाच कच्च्या मालाचा, एकाच यंत्रावरचा असावा असा आग्रह धरते. नैयायिकांच्या परिभाषेत सांगायचे तर, व्याप्तीला लपून अट घालणारा जो उपाधी, तो तेथे नसावा. दुष्काळ जाहीर करताना गट मानला जाणारा तालुका हा असा लॉट नव्हे, कारण कालव्याचे पाणी हाच त्यातला उपाधी आहे. 2016 च्या केंद्रीय दुष्काळ संहितेने पर्जन्यमान, जमिनीतील ओल आणि उपग्रहावरून दिसणारी वनस्पतींची स्थिती असे निकष आणले, आणि 2023 च्या ऑक्टोबरअखेर राज्य शासनाने दुष्काळ जाहीर केलेल्या 40 तालुक्यांत बारामती व इंदापूर ही दोन्ही नावे होती. पुढे यादीबाहेर राहिलेल्या तालुक्यांतील कमी पावसाच्या महसूल मंडळांचा निराळा विचार करावा लागला, यातच आधीचा गट फार मोठा धरला गेल्याची कबुली आहे.

इंदापुरात 1836 मध्ये लागू झालेल्या गोल्डस्मिड-विंगेट जमीन-महसूल पाहणीने याउलट प्रत्येक शेताची प्रत स्वतंत्र ठरवण्याचा, म्हणजे जवळजवळ शंभर टक्के तपासणीचा मार्ग धरला होता. तो खर्चिक होता, पण ती प्रत तीस वर्षांच्या सारा-आकारणीसाठी एकदाच ठरवायची होती. पीक मात्र दर हंगामाला तपासावे लागते. गट लहान केला म्हणून नमुना त्या प्रमाणात लहान होत नाही, कारण निर्णयाची खात्री मुख्यतः नमुन्याच्या आकारावर अवलंबून असते, गटाच्या नव्हे; म्हणून तालुक्याऐवजी मंडळ, आणि मंडळाऐवजी शिवार हा गट मानायचा, तर कापण्याचे तुकडे कित्येक पटींनी वाढवणे आणि त्यासाठी माणसे नेमणे शासनाला भाग पडते.