सहलीच्या दिवशी विसावा कोणाचा?

दिवाळी उलटून हवेत गारवा आला, की अमरावती-अकोल्याकडील घराघरांतून सहलीचा विषय निघतो. एका दिवसात जाऊन परतावयाचे असेल, तर अमरावतीकर सुमारे ५० किलोमीटरांवरील अचलपूरच्या हौजकटोऱ्याचे नाव काढतात आणि अकोलेकर त्याहून जवळच्या बाळापूरच्या छत्रीचे. स्थळे दोन्ही नामी आहेत. हौजकटोरा म्हणजे तलावाच्या मधोमध उभारलेली बहमनी काळातील अष्टकोनी मजलेदार इमारत. वऱ्हाडचा वैशाख ज्याने एकदा तरी सोसला आहे, त्याला पाण्यात महाल बांधण्याच्या कल्पनेतील रस समजावून द्यावा लागणार नाही. बाळापुरास मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर किल्ला आहे. तो अचलपूरच्याच नबाब इस्माईलखानाने १७५७ मध्ये पुरा केला. त्याच्याजवळ नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची म्हणून ओळखली जाणारी काळ्या पाषाणाची छत्री आहे. १६६५ मध्ये शिवछत्रपतींशी पुरंदरचा तह करणारे तेच हे जयसिंग. छत्री म्हटले की आपल्या मनात समाधी येते. परंतु राजांचा अंत १६६७ मध्ये बऱ्हाणपुरास झाला आणि त्यांच्या नावाची दुसरी छत्री तिकडे आहे. बाळापूरची ही छत्री आम्हांस तरी नदीचा वारा घेत बसण्याचीच जागा वाटते.

अशा ठिकाणी सामान्य माणूस मुलाबाळांसह मोकळेपणाने हिंडतो, हे पाहून प्रथम मोठा संतोष होतो. तलाव ज्यांनी खणला, पाषाण ज्यांनी वाहिले, त्यांना तेथे बसावयास कोणी बोलाविले असेल असे वाटत नाही. त्यांचे वंशज आज त्याच पायरीवर शिदोरी सोडतात. राजाचा विसावा रयतेच्या वाट्यास आला, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र हे म्हणण्यापूर्वी सहलीचा बेत घरात कसा शिजतो, ते एकदा पाहावे.

ओसरीवर बसून पुरुषमंडळी दिवस ठरवितात, गाडी ठरवितात, इतिहासाची थोडी उजळणीही करतात. आतून एकच प्रश्न येतो : माणसे किती? त्या दिवशी घरातील बाई पहाटे चारला उठते. दशम्या, बटाट्याची भाजी, ठेचा, वाटेत मुलांस भूक लागेल म्हणून चिवडा. मग सतरंजी, पाणी, धाकट्याचे जादा कपडे, सासूबाईंची औषधे. छत्रीपाशी पोहोचल्यावर सारी मंडळी कमानी पाहावयास जातात आणि ती सामानापाशी बसते, कारण कोणी तरी बसलेच पाहिजे. परतल्यावर इतरांचे पाय दुखत असतात. तिच्यापुढे खरकटे डबे असतात. विसावा एकाचा आणि त्याचे ओझे दुसऱ्याच्या माथी, ही हौजकटोऱ्याची रीत आपण लहान प्रमाणावर घरात चालवीतच असतो.

ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. फुरसत हे सुसंस्कृत जीवनाचे साध्य होय असे मानणाऱ्या ॲरिस्टॉटलने त्याच राजनीतिविषयक ग्रंथात दास्याचे समर्थन केले आहे. एवढा बुद्धिमान पुरुष, परंतु दुसऱ्याच्या श्रमावाचून आपली फुरसत कशी निभावेल हे त्यास सुचले नाही! आपण दास ठेवीत नाही. परंतु आपणांस तरी ते कितपत सुचले आहे?

यावर उत्तर तयार असते : तिला त्यातच आनंद आहे. हे उत्तर आम्ही थट्टेवारी नेणार नाही. आपल्या माणसांस पोटभर जेवताना पाहण्यात खरोखरच सुख आहे, आणि ते ज्यांनी अनुभवले नाही त्यांची आम्हांस कीव येते. पण आनंद आणि सवय यांत फरक करावयाचा, तर तिला एखाद्या दिवशी ‘आज मी काही करणार नाही’ असे म्हणण्याची मोकळीक आहे काय, हे पाहिले पाहिजे. ते तिने म्हटले तर घर रुसणार असेल, तर आनंदाची ग्वाही तिच्या वतीने आपण देणे बरे नव्हे.

दुसरी सोय म्हणजे जेवण खाणावळीतून मागविणे. यात बाई सुटते, परंतु रविवारची सुट्टी खाणावळीतील पोऱ्याची जाते. गाडी हाकणारा तर दिवसभर बाहेर उन्हात असतो आणि पंगतीत त्याचे पान बहुधा शेवटी मांडतात. कोणाचेही श्रम नकोत म्हटले तर सहलच नको असे होईल. तितके कठोर व्हावयास आम्ही तयार नाही. ओझे प्रत्येक खेपेस त्याच खांद्यावर पडू नये, एवढेच आमचे मागणे.

आणि यासाठी वऱ्हाडाला परदेशी धडे घ्यावे लागत नाहीत. शेतात रोडग्यांचा बेत असला म्हणजे घरी चुलीकडे न फिरकणारे पुरुष गोवऱ्यांचा आर लावतात, कणकेचे गोळे भाजतात, वांग्यांची भाजी रटरटवितात आणि पुन्हा त्याची फुशारकीही मिरवतात. ही विद्या बाळापूरच्या वाटेवरही उपयोगी पडेल. ऐतिहासिक वास्तूच्या आवारात अर्थात चूल पेटवू नये. परंतु अलीकडे एखाद्या परिचिताचे शेत सहज मिळते. पुरुषांनी तेथे उतरावे, आणि बायकांनी मुलांस घेऊन पुढे छत्रीवर जावे, तेही सामानावाचून. गाडीवाल्याचे पान पहिल्या पंगतीत मांडावे, आणि पत्रावळी ज्यांनी जेविले त्यांनीच उचलाव्यात. गाडगेबाबांच्या या मुलखात खराटा हाती घेण्याची लाज कोणी बाळगू नये.

आजी मात्र ऐकणार नाहीत. ‘मला नुसती बसवून ठेवू नका’ म्हणून त्या कणकेची परात ओढतीलच, आणि त्यांच्या हातून ती काढून घ्यावी की नाही, याविषयी आमच्या घरात अजून दोन मते आहेत.