नियम कोणासाठी?

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपले, की कित्येक घरांत कारीट पायाखाली फोडण्याची चाल आहे. कारीट म्हणजे नरकासुर. मुले मोठ्या हौसेने ते चिरडतात, कारण त्याच्या अपराधाविषयी कोणाच्याच मनात शंका नसते. दुष्टाचे निर्दाळण पाहून आनंद व्हावा, हा मनुष्यस्वभावच आहे. पोलिसी चित्रपटांचा सारा डोलारा ह्याच आनंदावर उभा असतो.

अशा चित्रपटांत १९७१ चा ‘डर्टी हॅरी’ हा जणू सर्वांचा पूर्वज. दिग्दर्शक डॉन सीगल, नायक क्लिंट ईस्टवूड, स्थळ सॅन फ्रान्सिस्को. एका खुन्याने एका मुलीला पळवून कोंडले आहे. इन्स्पेक्टर हॅरी त्याला गाठतो आणि त्याच्या जखमी पायावर पाय देऊन तिचा ठावठिकाणा वदवून घेतो. मुलगी तोवर मेलेली असते; आणि पुरावा बेकायदा मिळवला म्हणून खुनी मोकळा सुटतो. प्रेक्षक चिडतो, तो कायद्यावर! अखेर हॅरी त्या नराधमाला गोळी घालतो व आपला बिल्ला पाण्यात भिरकावून देतो.

आता थोडा विचार करू. हॅरीचा संशय चुकत नाही, तो का? कारण कथा रचणाऱ्याने तो चुकूच दिलेला नाही. खुनी कोण, हे आपण पहिल्याच प्रसंगात डोळ्यांनी पाहिलेले असते. खऱ्या फौजदारापुढे मात्र असा पडदा नसतो. त्याच्यापुढे असतो एक घाबरलेला मनुष्य, दोन उलटसुलट जबान्या आणि वरून आलेला तगादा. म्हणून नियम दुर्जनाच्या सोयीसाठी केलेला नाही; ज्याला अद्याप सत्य ठाऊक नाही, त्याचा हात आवरण्यासाठी तो केलेला आहे.

हेच लहान प्रमाणावर शाळेतही दिसते. वर्गात कोणाची कंपासपेटी हरवली, की चाळीस बोटे एकाच मुलाकडे वळतात. आणि बहुधा त्याचाच सदरा सर्वांत अधिक विटलेला असतो. त्याच्यावर छडी उगारली, तर तो कबूलही होईल. मग पेटी भलत्याच दप्तरात सापडेल. म्हणजे कबुली मिळाली, चोर मात्र मिळाला नाही! पोलिसाजवळ दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा मानू नये, हा दंडक १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि २०२३ च्या नव्या कायद्यातही तो राहिला. परक्या सरकारलाही एवढे उमगले होते.

कोणी विचारील, ‘तुमचीच मुलगी त्या जागी असती तर?’ प्रश्न खोटा नाही. बापाचा क्रोध बापाला शोभतोच. पण म्हणूनच आपण बापाला न्यायासनावर बसवीत नाही. शिवाय त्या चित्रपटातही नियम मोडून मुलगी वाचली नाही, हे टाळ्यांच्या कडकडाटात आपण विसरतो. खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात, हे दुःख खरे आहे. पण त्यावर उपाय न्यायालय वेगाने चालवणे हा आहे, न्यायालय वगळणे हा नव्हे. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. २०२२ मध्ये न्यायमूर्ती वि. श्री. सिरपूरकर यांच्या आयोगाने निष्कर्ष काढला, की गोळ्या ठार मारण्याच्या हेतूनेच झाडल्या होत्या आणि चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते. उधळलेली फुले मग कोणी वेचावीत?

ह्या प्रश्नाच्या अधिक खोल गेला तो आपल्याकडचा ‘अर्धसत्य’. भाषा हिंदी, पण मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’, पटकथा विजय तेंडुलकरांची. दिग्दर्शन गोविंद निहलानींचे, वर्ष १९८३. ओम पुरींनी उभा केलेला सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर सज्जन आहे, अन्यायाने पेटणारा आहे. पण ज्याच्यावर हात टाकायचा, तो रामा शेट्टी राजकारणाच्या छत्राखाली सुखरूप. मग हा कोंडलेला संताप उतरतो कोणावर? कोठडीतल्या एका भुरट्या चोरावर. मार खाता खाता तो मरतो. नियमाचा बांध फुटला, की पाणी डोंगरावर चढत नाही. ते सखल जागाच शोधते.

हे केवळ पडद्यावरचे नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या परभणीत अटक झालेल्या एका तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. तो कायद्याचाच विद्यार्थी होता. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. दोष कोणाचा, हे न्यायालय ठरवील आणि नियमानेच ठरवील. ज्या पोलिसांवर आरोप येईल, त्यांनाही वकील मिळेल, त्यांचेही म्हणणे ऐकून घेतले जाईल. तसेच व्हायला हवे. जे त्या तरुणाला मिळायला हवे होते, ते त्यांना नाकारून त्याला न्याय मिळणार नाही.

हॅरी बिल्ला फेकून निघून जातो. त्याला कोणी जाब विचारीत नाही. वेलणकर मात्र शेवटी रामा शेट्टीचा गळा आवळतो आणि आपल्या पायांनी ठाण्यावर जाऊन स्वतःला पोलिसांच्या स्वाधीन करतो. नियम मोडणाऱ्या त्या माणसालाही अखेर आसरा नियमाचाच घ्यावासा वाटला. पहिल्यासाठी आपण टाळ्या वाजवतो. आपल्या घरचा मुलगा उद्या संशयावरून पकडला गेला, तर ठाण्यात त्याच्यासमोर नियम पाळणाराच फौजदार असावा, एवढीच प्रार्थना आपण करू. आणि तो मुलगा निर्दोष आहे, हे त्या वेळी आपल्यावाचून कोणालाही ठाऊक नसेल.