सिस्टिम घेत नाही

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला तीन वाक्यं पाठ असावी लागतात. 'साहेब जेवायला गेलेत' हे पहिलं. 'पलीकडच्या खिडकीत विचारा' हे दुसरं. ही दोन्ही वाक्यं आम्हांला पूर्वजांकडून मिळाली. ज्या दिवशी जगातली पहिली बँक निघाली, त्याच दिवशी दुपारी ती कुणीतरी उच्चारली असणार, असा माझा कयास आहे. तिसरं वाक्य मात्र अलीकडचं. ते म्हणजे, 'सिस्टिम घेत नाही.'

या तिसऱ्या वाक्याची गोडी काय सांगावी! पहिल्या दोन वाक्यांत थोडी तरी जोखीम असते. जेवायला गेलेले साहेब नेमके त्याच वेळी समोरून येऊ शकतात. पलीकडच्या खिडकीतला सहकारी गिऱ्हाइकाला पुन्हा आपल्याकडेच टोलवू शकतो. पण सिस्टिम घेत नाही म्हटलं की विषय संपला. सिस्टिम कुठे बसते, केव्हा जेवते, तिचे साहेब कोण, यातलं गिऱ्हाइकाला काहीच ठाऊक नसतं. खरं सांगायचं तर मलाही नसतं.

मी बी.कॉम. होऊन २००३ साली बँकेत चिकटलो. तेव्हा आमच्या शाखेतली लेजरं काउंटरवरून माळ्यावर गेली होती, पण लेजरं लिहिलेली माणसं अजून खुर्चीत होती. त्यातल्या हेडक्लार्कांनी पहिल्या दिवशी मला एकच नियम शिकवला. "आकडा चुकला तर रबर घ्यायचं नाही, ब्लेडनं खरवडायचं नाही. चुकलेल्या आकड्यावर सरळ एक रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी आपली छोटी सही ठोकायची. खाडाखोड कुणी केली ते दहा वर्षांनीसुद्धा कळलं पाहिजे." मी नम्रपणे म्हटलं, "पण आता सगळं कॉम्प्युटरवर असतं ना?" ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग काय, चैन आहे बुवा तुमची!"

याच हेडक्लार्कांनी ऐन तारुण्यात कॉम्प्युटरच्या नावाने घोषणा दिल्या होत्या. १९८३ साली बँकांचं व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रं आणण्याबद्दल करार झाला, १९८४ साली रिझर्व्ह बँकेच्या रंगराजन समितीने ती कशी आणावीत याचा अहवाल दिला. त्या काळात सगळ्यांना भीती एकच, की हा कॉम्प्युटर आमची नोकरी खाणार. माझी तर त्याने खाल्ली नाही. त्याने खाल्लं ते काही वेगळंच, आणि मीच ते त्याच्या ताटात वाढलं होतं, हे मला परवाच्या नोव्हेंबरात कळलं.

नोव्हेंबर हा आमच्याकडे जिवंत माणसांचा महिना. पेन्शनर मंडळींना वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण गेल्या वर्षी होतो तसेच या वर्षीही आहोत, एवढंच त्यात म्हणायचं असतं. २०१४ पासून हे काम बोटाच्या ठशावरही होऊ लागलं आणि २०२१ पासून मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे चेहरा धरूनही. सोय उत्तमच आहे. परदेशी मुलाकडे गेलेले आमचे एक पेन्शनर तिथूनच 'मी आहे' असं कळवतात. घरच्यांनाही ते इतक्या नियमाने कळवत नाहीत.

तर त्या नोव्हेंबरात एक आजी आल्या. वय ८३. यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत होते, त्यांच्यामागे आजींना फॅमिली पेन्शन. ऐंशी ओलांडलेल्या अशा पेन्शनरांना २०१९ पासून ऑक्टोबरच्या १ तारखेपासूनच दाखला देता येतो, म्हणजे गर्दी टळते. पण हे आजींना कुणी सांगितलं नव्हतं. 'कुणी' म्हणजे मीच. मी यंत्र पुढे सरकवलं. आजींच्या दहाही बोटांनी पाळीपाळीने हजेरी लावली आणि यंत्राने दहाही वेळा गैरहजेरी मांडली. चाळीस वर्षं लोकांना डबे पुरवलेली बोटं ती. राखेनं भांडी घासताना त्यांच्यावरच्या रेघा कधीच पुसल्या होत्या.

"आजी, सिस्टिम घेत नाही."

"म्हणजे मी जिवंत नाही का रे?"

रांगेत हशा पिकला. मीही हसलो. म्हटलं, "तुम्ही आहात हो, तुमचा ठसा नाही. उद्या या." दुसऱ्या दिवशी आजी नातवाचा मोबाइल घेऊन आल्या. पण डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. काळा चष्मा काढायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. चष्म्यासकट चेहरा जमेना. मी पुन्हा तेच वाक्य म्हटलं, पुन्हा 'उद्या या' म्हटलं. तिसऱ्या दिवशी रिक्षाचं भाडं खर्चून आजी पुन्हा हजर. या खेपेला त्यांनी बोट पुढे केलंच नाही. काउंटरवर दोन्ही हात टेकून त्या म्हणाल्या, "मला एक सांग बाळा. मी तुला दिसते ना?"

"दिसता की."

"मग तसं लिही. ही बाई मला दिसली म्हणून."

आता तुम्ही म्हणाल, तसं लिहिता येतं का? येतं. तेच तर सांगायचंय. कागदी दाखल्याचा फॉर्म बाद झालेला नाही. पेन्शनर बँकेत आला, त्याला पाहिलं, ओळख पटली, अधिकाऱ्याने सही केली, की झालं. तो फॉर्म माझ्या उजव्या हाताच्या दुसऱ्या ड्रॉवरमध्ये होता. पहिल्या दिवशीही तिथेच होता आणि हे मला ठाऊक होतं.

मग मी तो का काढला नाही? आळस म्हणाल तर तो थोडा होताच. पण खरं कारण असं, की यंत्राने 'हो' म्हटलं असतं तर ते यंत्राचं, 'नाही' म्हटलं तरी यंत्राचं. कागद काढला की तो घेऊन साहेबांपुढे उभं राहायचं, 'यांना मी ओळखतो' म्हणायचं आणि कोपऱ्यात आपली छोटी सही करायची. उद्या काही निघालं तर ती सही दार ठोठावत माझ्याकडे येणार. 'सिस्टिम घेत नाही' या वाक्याखाली कुणाचीच सही नसते. त्याची सगळी गोडी तिथेच आहे.

त्या रात्री जेवण गेलं नाही. मन टोचायला लागलं की लोक देवळात जातात, मी पुस्तकांच्या कपाटाशी जातो. कॉम्प्युटरवरची पुस्तकं घेणं हे माझं जुनं व्यसन. नोकरीला लागलो तेव्हा अप्पा बळवंत चौकातून पहिलं घेतलं. तीस दिवसांत कॉम्प्युटर शिकवणारी अशी सातआठ पुस्तकं माझ्याकडे आहेत, म्हणजे हिशेबाने सातआठ महिने झाले. त्यांत कोणती कळ दाबल्यावर काय होतं ते सगळं आहे. समोर आजी उभ्या असताना काय करायचं, ते त्यांत नाही.

ते एका जुन्या पुस्तकात सापडलं. फुटपाथवर साठ रुपयांना घेतलेलं, 'कॉम्प्युटर पॉवर अँड ह्यूमन रीझन'. लेखक जोसेफ वाइझेनबाउम, साल १९७६. हे गृहस्थ जन्माने बर्लिनचे ज्यू. १९३६ साली घरच्यांबरोबर जर्मनी सोडून अमेरिकेत गेले आणि पुढे एमआयटीत प्रोफेसर झाले. त्याआधी १९५० च्या दशकात बँकेच्या कामासाठीच बांधलेल्या सुरुवातीच्या कॉम्प्युटरवर त्यांनी काम केलं होतं. म्हणजे एका अर्थाने ते आमच्याच खात्यातले. १९६६ साली त्यांनी 'एलायझा' नावाचा प्रोग्रॅम जाहीर केला. आपण काही टाइप केलं की तो मानसोपचारतज्ज्ञासारखा आपलंच वाक्य उलटवून प्रश्न विचारी. 'मला बरं वाटत नाही' म्हटलं की 'बरं वाटत नाही म्हणता?' असा प्रकार. (आमच्या चौकशीच्या खिडकीत असे एक गृहस्थ अनेक वर्षं होते, पण त्यांच्यावर कुणी पुस्तक लिहिलं नाही.) गंमत अशी, की हे यंत्र तयार होताना पाहिलेली त्यांचीच सेक्रेटरी त्याच्याशी बोलू लागली आणि थोड्याच वेळात तिने त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. खाजगी बोलायचं होतं! वाइझेनबाउम हादरले. त्यांच्या पुस्तकाचा गाभा असा, की हिशेबाने उत्तर काढणं निराळं आणि माणसाने निवड करणं निराळं. पहिलं यंत्राला देता येतं. दुसरं यंत्राला जमलं तरी देऊ नये.

दुसरं पुस्तक निक वॉलिस या इंग्रज पत्रकाराचं, २०२१ सालचं, तिकडच्या पोस्टाच्या प्रकरणावरचं. ते मी कॅशियरच्या काळजाने वाचलं. संध्याकाळी कॅश कमी भरली की पोटात कसा गोळा येतो, ते कॅशियरलाच ठाऊक. ब्रिटनच्या पोस्टात १९९९ पासून 'होरायझन' नावाची सिस्टिम आली आणि गावोगावच्या सबपोस्टमास्तरांची कॅश कमी दिसू लागली. बिचाऱ्यांनी पदरचे भरले, घरं गहाण टाकली. 'असं फक्त तुमच्याकडेच होतंय' असं आपल्याला सांगण्यात आलं, अशा साक्षी कित्येकांनी पुढे दिल्या. ९०० हून अधिक माणसं चोरी नि अफरातफरीच्या आरोपांत दोषी ठरली, काही तुरुंगात गेली, काहींनी जीव दिला. सिस्टिममध्ये दोष होते हे डिसेंबर २०१९ मध्ये हायकोर्टात सिद्ध झालं आणि २०२४ साली पार्लमेंटला कायदा करून शेकडो शिक्षा रद्द कराव्या लागल्या. एवढ्या अन्यायाला शेकडो राक्षस लागले असतील असं वाटतं. पण वाचताना मला मधली साधी माणसंच जास्त दिसली, माझ्यासारखी. त्यातल्या कित्येकांनी स्क्रीनवर दिसलं तेवढंच वाचून दाखवलं होतं.

कॉम्प्युटरला शिव्या द्याव्यात असा माझा बेत नाही. तो चहा पीत नाही, साहेबांच्या मेव्हण्याचं काम आधी करत नाही, व्याज काढताना त्याचं लक्ष घड्याळाकडे नसतं. लेजरच्या काळात 'पुस्तक सापडत नाही' म्हणून माणसं परत पाठवली जातच होती. पण ते पुस्तक न शोधणारा माणूस समोर दिसायचा, त्याच्याशी भांडता यायचं. आता भांडायला कुणी सापडत नाही, कारण तो माणूस यंत्रामागे जाऊन बसला आहे. बसायची जागा मऊ आहे, मी बसून पाहिलीय.

आजींचं काय झालं ते सांगायचं राहिलं. त्या तिसऱ्या दिवशी मी ड्रॉवर उघडला. फॉर्म भरायला चार मिनिटं लागली. तो घेऊन साहेबांकडे गेलो. साहेब जेवायला गेले नव्हते. त्यांनी चष्म्यावरून विचारलं, "ओळखता यांना?" मी म्हटलं, "ओळखतो. तीन दिवस ओळखतोय." त्यांनी सही केली. कोपऱ्यात मी माझी छोटी सही केली, घाईत जरा वाकडीच आली. आजींनी फॉर्म डोळ्यांशी धरून विचारलं, "मी आहे असं लिहिलंय ना नीट?"

पुढच्या महिन्यात पेन्शन वेळेवर जमा झाली. सिस्टिमने बिनबोभाट घेतली.

तेव्हापासून ते तिसरं वाक्य मी शक्यतो टाळतो. पूर्वजांची दोन आहेत, त्यांवर भागवतो. घरी मात्र एकदा निसटलं. सौ.ने भाजी का आणली नाही म्हणून विचारलं आणि मी सवयीने बोलून गेलो, "सिस्टिम घेत नव्हती." आजींची गोष्ट मीच तिला सांगून ठेवलेली. पिशवी पुन्हा माझ्या हातात देत ती म्हणाली, "असं? मग खाली सही करा."