नाताळ आणि वधस्तंभ : अपवाद नाकारणारा जन्म

मराठी ख्रिस्ती परिभाषेतील दोन शब्द शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला. त्याचा मूळ अर्थ जन्म एवढाच. ‘वधस्तंभ’ हा शब्द बायबलच्या मराठी भाषांतरांनी रूढ केला. ‘क्रूस’ म्हटले की एक आकृती डोळ्यांसमोर येते. ‘वधस्तंभ’ म्हटले की एक कृत्य. कोणाचा तरी वध झाला आहे आणि तो कोणीतरी केला आहे, याचा विसर हा शब्द पडू देत नाही. या दोन शब्दांमधील नाते हाच प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. ज्याचा शेवट ठाऊक आहे अशा बालकाच्या पाळण्याची दोरी ओढताना श्रद्धावंत नेमका कशाचा आनंद मानतो?

ऐतिहासिक क्रम पाहिला तर वधस्तंभ आधी आणि गव्हाण नंतर येते. इसवी सनाच्या 50च्या दशकातील पौलाच्या पत्रांचे केंद्र वधस्तंभ आणि पुनरुत्थान हे आहे. जन्माचा उल्लेख तेथे ओझरता आहे. चार शुभवर्तमानांपैकी सर्वांत आधीचे मानले जाणारे मार्कचे शुभवर्तमान जन्मकथा सांगतच नाही. 25 डिसेंबर या जन्मदिनाची रोममधील सर्वांत जुनी ज्ञात नोंद 336 सालची आहे. पुनरुत्थानाचा सण त्याच्या कितीतरी आधीपासून पाळला जात होता. म्हणजे जन्मकथा ही शेवट ठाऊक असलेल्यांनी, शेवट ठाऊक असलेल्यांना सांगितलेली कथा आहे. फ्रँक करमोड यांनी ‘द सेन्स ऑफ अॅन एंडिंग’ (1967) या ग्रंथात शेवटाच्या जाणिवेमुळे आधीच्या काळाला अर्थ कसा प्राप्त होतो याची चर्चा केली आहे. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, ही मराठी म्हणही बहुधा मागाहूनच खरी ठरते. आधी पाय पाहिलेले असतात, मग ते पाळण्यात शोधले जातात. मत्तयाच्या कथेत मागी लोक बालकाला गंधरस अर्पण करतात. योहानाच्या कथेत तोच गंधरस येशूच्या प्रेताला लावला जातो. लूक बालकाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवतो आणि शेवटी तागाच्या वस्त्रात गुंडाळून कबरीत.

परंतु मागे वळून केलेल्या या वाचनात एक नैतिक धोका दडलेला आहे. ‘तो मरण्यासाठीच जन्मला’ असे एकदा म्हटले की वध ही योजना ठरते आणि वध करणारे त्या योजनेचे सेवक. मग हेरोद आणि पिलात यांना दोष कोणता द्यावा? गालीलातील सुताराची सारी वर्षे, भुकेल्यांना दिलेली भाकर, कोढ्याला केलेला स्पर्श हे सारे केवळ प्रतीक्षालय ठरते. अॅन्सेल्म यांनी 1098 साली पूर्ण केलेल्या ‘कुर देउस होमो’ या ग्रंथात देव मनुष्य का झाला, याचे उत्तर पापाच्या ऋणफेडीत शोधले. पुढे डन्स स्कोटस यांनी अशी भूमिका घेतली की पतन घडले नसते तरीही देहधारण घडले असते. पहिल्या उत्तरात जन्म हे साधन होऊन बसते. दुसऱ्यात जन्माला स्वतंत्र मोल मिळते, पण त्या जन्माचा शेवट वधस्तंभावरच का झाला, याचे उत्तर निराळे शोधावे लागते.

मराठी श्रोत्याच्या दृष्टीने हा प्रश्न आणखी टोकदार होतो. 1616 साली गोव्यात छापल्या गेलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तचरित्र ओवीत बांधले, तेव्हा त्यांचा श्रोता पुराणश्रवणाने घडलेला होता. देवाच्या जन्माची त्याच्या ओळखीची कथा म्हणजे कृष्णजन्म. तेथेही भयग्रस्त राजा आहे, अर्भकांची हत्या आहे, रात्रीतून केलेले स्थलांतर आहे. बेथलेहेमची कथा त्या श्रोत्याला परकी वाटण्याचे कारण नव्हते. फरक पडतो तो पुढे. कृष्ण परततो आणि कंसाचा वध करतो. येशू इजिप्तमधून परततो आणि त्याचाच वध होतो. अवतारकथेत अन्यायाचा हिशेब दुष्टाच्या मृत्यूने चुकता होतो. येथे तो चुकताच होत नाही.

भक्तिपरंपरेतील सुटकेच्या कथा या संदर्भात आठवाव्यात. प्रल्हादाला अग्नी जाळत नाही. जनाबाईवर विठ्ठलाच्या अलंकाराच्या चोरीचा आळ येतो, तिला सुळावर देण्याची आज्ञा होते आणि आख्यायिका सांगते की सुळाचे पाणी झाले. दानिएलाच्या ग्रंथातील तिघेही तप्त भट्टीतून सुखरूप बाहेर येतात. या कथांनी कित्येक पिढ्यांना धीर दिला आहे. त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि त्यांचा गाभा अपवाद हा आहे. इतरांना जाळणारी आग एकाला जाळत नाही. नाताळच्या कथेतही असा एक अपवाद आहे. स्वप्नात इशारा मिळाल्याने एक बालक वाचते, बेथलेहेमची बाकीची बालके मारली जातात. पाश्चात्त्य चर्च 28 डिसेंबरला, म्हणजे जन्मोत्सवानंतर तिसऱ्याच दिवशी, त्यांचे स्मरण करते. आल्बेर काम्यूच्या ‘ला श्यूत’ (1956) या कादंबरीतील निवेदक याच बालकांकडे बोट दाखवून सुचवतो की आपल्यामुळे इतर मेले, ही जाणीव ख्रिस्ताला छळत असली पाहिजे.

काम्यूचा निवेदक ज्याला अपराधभाव मानतो, त्याचे अधिक समर्पक नाव अपवादाचा त्याग हे आहे. बेथलेहेममध्ये जो अपवाद अजाण बालकासाठी इतरांनी घडवून आणला, तो जाणत्या वयात गुलगुथावर नाकारला जातो. वधस्तंभासमोर अधिकारी त्याला खिजवतात की याने दुसऱ्यांना वाचवले, आता स्वतःला वाचवावे. खिजवणाऱ्यांना नकळत ते कथेचे मर्मच बोलतात. अपवाद स्वतःसाठी नाकारला आहे, इतरांसाठी नाही. आजारी बरे झाले, भुकेले जेवले. सूळ मात्र वितळला नाही. या अर्थाने वधस्तंभ हे जन्माचे प्रयोजन नव्हे. तो जन्म कोणत्या प्रकारचा होता, याची ती साक्ष आहे. मार्ग राखून ठेवून घेतलेला तो जन्म नव्हता. ज्यांच्यासाठी उताऱ्याच्या घरात जागा नसते आणि न्यायालयात दाद नसते, त्यांच्यात जन्म घेणाऱ्याच्या वाट्याला रोमन साम्राज्याने गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी राखून ठेवलेली शिक्षा यावी, ही दैवी गरज नव्हे. तो सत्तेचा नेहमीचा व्यवहार आहे.

हा निकष ख्रिस्ती इतिहासालाही लागू पडतो. स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले. 1583 साली सासष्टीतील कुंकळ्ळी येथे, देवळांच्या विध्वंसाने संतापलेल्या ग्रामस्थांनी पाच जेझुइटांना ठार केले. त्यानंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी बोलावून मारले. क्रूस हाती धरलेली सत्ता वध करू लागली की ती हेरोदाच्या जागी उभी असते. स्तंभ तोच राहतो, त्यावरचा आणि त्याखालचा मनुष्य बदललेला असतो. ‘क्रिस्तपुराण’ त्या भूमीवर रचले गेले, हे विसरून त्याची ओवी वाचता येणार नाही.

प्रश्न केवळ ग्रंथांचा उरत नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील फौंड्रीत वितळलेले लोखंड साच्यात ओतणाऱ्या कामगाराला ‘देव आम्हांबरोबर’ या नाताळच्या वचनाचा अर्थ काय सांगावा? भट्टी त्याला जाळणार नाही, असे सांगणे खोटे ठरेल. देवानेही सोसले म्हणून तूही सोस, असे सांगणे तर अधिकच वाईट. ते वधाला पुन्हा योजनेचे रूप देणे होय. जो स्वतःसाठी अपवाद मागत नाही त्याने इतरांचा चटका टाळण्यासाठी आयुष्य वेचले, एवढेच ती कथा सांगते. म्हणून तिचा उपदेश भट्टीसमोरच्या माणसाला उद्देशून नाही. भट्टीपासून सुरक्षित अंतरावर बसलेल्यांना उद्देशून आहे. आपल्या सुरक्षिततेचा अपवाद कोणाच्या जिवावर मिळाला आहे, हे त्यांनी स्वतःला विचारावे. गव्हाणीपुढे दिवा लावणाऱ्याला 28 डिसेंबरची ती बालके आठवत नसतील, तर त्याने जन्माचा सण साजरा केला असेल. कोणाचा जन्म, हे मात्र त्याला अजून कळावयाचे आहे.